शनिवारी कुत्रा रस्त्यावर

कुसगाव ओलांडलं की डोंगराच्या अंगाला आमचं छोटं गाव. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंगला आहे. मालक पुण्यात; बंगल्यात राहतात केअरटेकर आणि एक रॉटवायलर कुत्रा. रेड्यासारखा रुंद, आणि भुंकला की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात. आठवडाभर तो आत असतो. शनिवारी बंगला भाड्याने जातो, पाहुणे कुत्र्याला भितात, म्हणून केअरटेकर त्याला चक्क फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या खांबाला बांधतो! पाहुण्यांची सोय झाली, गाव गेलं खड्ड्यात.

आम्हाला दूध घालणाऱ्या मावशी वरच्या वाडीतून येतात. मध्यंतरी त्यांच्या लुगड्याचा पदर त्या कुत्र्याच्या तोंडात राहिला. तेव्हापासून शनिवार-रविवार त्या येईनात. आणि गल्लीत आतल्या बाजूला असलेल्या भाड्याच्या बंगल्यांत त्यांचं दूध खपतं ते नेमकं त्याच दोन दिवशी.

मी तणतणत ग्रामपंचायतीत गेलो.

"या जातीच्या कुत्र्यांवर बंदी आली होती ना?"

ग्रामसेवक म्हणाले, "पत्र आलं होतं. मग प्रकरण कोर्टात गेलं. आता बंदी आहे की उठली, आम्हालाच कोणी सांगेना."

"जात राहू द्या. रस्त्यावर बांधतात त्याचं काय?"

"चावला का कुणाला?"

"पदर फाडला."

"पदराला डॉक्टर दाखला देत नाहीत हो. चावला की या."

मालकांना फोन लावला. "अहो, बाळ आहे ते आमचं!" बाळ!

मग शनिवारी मीच फाटकाशी उभा राहिलो. पाहुण्यांची गाडी आली. मी आवाज अगदी खाली आणून म्हणालो, "जा ना आत. साखळी नवीनच आहे. आधीची त्यानं तोडली." गाडी जागच्या जागी वळली. पाहुणे गेले, कुत्रा आत गेला, आणि मावशी ऐटीत गल्लीभर दूध घालून गेल्या.

तीन दिवसांत पंचायतीची नोटीस आली. मला! पर्यटकांना घाबरवल्याबद्दल.

मावशींनी विचारलं, "भाऊ, तुमी कुनाला चावलात व्हय?"

पुढच्या शनिवारी कुत्रा पुन्हा खांबाला. वळणावरून हाक आली, "भाऊ, मी हितंच हाय. म्होरं येत न्हाई बगा."

मी जाऊन त्यांच्या दोन्ही किटल्या उचलल्या, आणि कुत्र्यासमोरच्या कुंपणाला पाठ घासत, दूध हिंदकळू न देता, आतल्या बंगल्यांच्या दिशेने निघालो.