जामच्या पुढचं तिकीट

संत्र्याच्या सालीचा वास आला की मला नागपूरहून परतणारी ती एसटी आठवते. मानसशास्त्राच्या पीएच.डी.साठी आम्हा दोघी मैत्रिणींची ती तिसरी मुलाखत होती आणि जागा एकच होती. उन्हानं तापलेल्या बसमध्ये मागच्या सीटवर कुणीतरी संत्री सोलत होतं, आणि मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. बुटीबोरीच्या पुढे माझ्या मोबाइलवर निकाल आला. निवड तिची झाली होती. मी इतकी थकले होते की वाईट वाटायचंही त्राण उरलं नव्हतं. तिचं गाव जाम, ते येईपर्यंत मी तिला झोपू दिलं. जामला बस थांबली तेव्हा तिला हलवून म्हटलं, "उठ, तुह्यं झालं." तिनं डोळे चोळले. "अन् तुह्यं?" "नाई." बॅग मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, जाम आलं." "हिंगणघाटचं एक तिकीट द्या," ती म्हणाली. हिंगणघाट माझं गाव. तिथपर्यंत ती माझ्या शेजारी बसून आली. आता मी पिपरीतल्या एका शाळेत समुपदेशक आहे. एखादी मुलगी येऊन रडायला लागली की मी लगेच काही विचारत नाही, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसते.