ताईंना पाय बघायचे होते

शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत ताई मदतनीस होत्या. कपाटातून बाटल्या काढायच्या, ट्रे भरायचा आणि मुलांचे धक्के चुकवत तो बाकांपर्यंत पोचवायचा, हे त्यांचं काम. अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, कृत्रिम पाय बसला, तेव्हा त्यांना सगळ्यात मोठी काळजी पडली ती हीच, की एका हातात काठी असली तर ट्रे धरायचा कसा?

व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काठी सुटेल हो. पण चालताना तुम्ही उजवीकडे कलता आणि तुम्हाला ते कळत नाही. घरी मोठा आरसा लावा. डोक्यापासून पावलापर्यंत स्वतःला बघत चाला."

ताई धाकट्या भावाकडे राहत. तो पडद्यांच्या कापडाच्या दुकानात कामाला होता, पण घरात त्याला सगळे 'इंजिनियर' म्हणत. कारण सुतार, नळवाला, वायरमन यांपैकी कुणालाच तो घरात पाऊल टाकू देत नसे.

"सुताराला बोलाव," ताई म्हणाल्या.

"चार स्क्रूसाठी सुतार? ताई, तू पण ना!"

आरसा आला आणि पुठ्ठ्यात गुंडाळलेला ताईंच्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला. ड्रिल मशीन मित्राकडे होतं. ते आलं तर बिट बोथट निघालं. नवं बिट आणलं तर इंजिनियरची कंबर धरली. जो तो खोलीत डोकावून "आरसा सांभाळा हं" एवढं सांगून जाई. तोल सावरायला शिकणाऱ्या ताई आता काचेच्या धास्तीने भिंतीला धरून चालू लागल्या.

शेवटी एका रविवारी आरसा कपाटाच्या दारावर चढला, अगदी वरच्या कडेला लावून. "बघ, सुताच्या रेषेत!" इंजिनियर म्हणाला.

ताई समोर उभ्या राहिल्या. डोकं दिसलं, डोक्यावरचं छतही दिसलं. आरशातल्या ताई मात्र घोट्याच्या वरच संपल्या.

"अरे, पावलं कुठायत?"

"दिसतायत की." तो शेजारी येऊन उभा राहिला. ताईंपेक्षा चांगला वीतभर उंच. "ही बघ माझी."

"तुझी पावलं घेऊन मी काय करू?"

"जरा मागे जा, दिसतील."

ताई मागे सरल्या. आणखी सरल्या. पलंगाला अडकून मटकन बसल्या. पावलं काही दिसली नाहीत.

"आरशात माणूस तोंड बघतो, ताई," इंजिनियर पुटपुटला.

"तोंड जन्मभर बघतेय! ते जिथल्या तिथे आहे. मला पाय बघायचेत, पाय!"

दारातून भावजय म्हणाली, "मी सांगत होते, ताईंना उभं करून खुणा करा. पण हातात ड्रिल आलं की यांचे कान बंद."

मग आरसा खाली आला. दारावर जुनी भोकं तशीच राहिली, नवी पडली. पुढच्या आठवड्यात वजनानं बिजागऱ्या ढिल्या झाल्या, दार एका कोपऱ्यात लोंबलं आणि फरशीवर करकरू लागलं. आरसाच तिरका, त्यामुळे ताई सरळ उभ्या राहिल्या तरी कललेल्या वाटत.

"आता कललंय कोण, मी की दार?" त्या ओरडल्या. "आणि पलंग नि कपाटात जागा दोन पावलांची. चालू कुठे, छतावर? काढ ते दार!"

"दार काढू?"

"आरशासकट काढ. आत्ता."

दोघा नवराबायकोंनी दार उचललं आणि बोळकंडीच्या टोकाला भिंतीशी उभं करून पट्ट्यांनी घट्ट आवळलं. ताईंनी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, मग काठी भावजयीकडे दिली. स्वयंपाकघरापासून निघाल्या. आरशात खांदा खाली जाताना पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. "अगं बाई, अशी चालते मी?" त्या थांबल्या, खांदा उचलला, पुन्हा पाऊल टाकलं.

काठी सुटायला बरेच महिने लागले. रोज ती बोळकंडी, रोज तेच वैतागलेलं तोंड आणि त्याखाली दोन पावलं. शाळा सुरू झाली तशा ताई काठीविना कामावर रुजू झाल्या. उघड्या कपाटाला भावजयीनं दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचा पडदा लावला.

परवा इंजिनियर हातात बिजागऱ्या घेऊन आला. "ताई, आता तू छान चालतेस. दार परत कपाटाला लावून टाकतो. या वेळी जाड स्क्रू आणलेत."

"त्या दाराला हात लावून तर बघ," ताई म्हणाल्या आणि आरशात पावलं बघत चपला घालायला लागल्या.