सरांनी वाटलेली वाक्यं

“शी इज स्वीपिंग,” सर म्हणाले आणि माझ्या हातात झाडू दिला. सातवीचा वर्ग. मी उठले, झाडू लागले. मग पाटलाच्या पोराकडे बोट. “ही इज रीडिंग.” त्यानं बसल्या जागी पुस्तक उघडलं. शेटजीच्या पोरीला, “शी इज सिंगिंग.” ती गायली. आमच्या बौद्धवाड्यातल्या दोघींच्या हातात बादल्या. “दे आर फेचिंग वॉटर.” झालं इंग्रजी.

आमचा सीमेवरचा मुलूख, तेव्हा आंध्रचं राज्य. सरकार तेलुगू, घर मराठी, आणि साहेब व्हायचं तर इंग्रजी. ती देणारे हे सर निर्मल गावचे. पँटची इस्त्री अशी, की घडीवर कैरी चिरावी. आवाज असा, की इचोड्याच्या रस्त्यावरचे ट्रक हॉर्न वाजवायला लाजत. चालू काळ करून दाखवायचा, ही त्यांची पद्धत. शाळेचा अटेंडर, म्हणजे शिपाई, कुठं असे? सरांच्या घरी, त्यांच्या म्हशीपाशी. मग शाळा कोण झाडणार? व्याकरण.

आणि चालू काळ म्हणजे क्रिया चालूच राहिली पाहिजे. सर वाक्य फेकून ढाब्यावर चहाला जात. त्यांचे दोन कप होईतो आम्ही चालू. पाटलाचा पोरगा पुस्तकावर लाळ गाळत झोपायचा, तरी त्याचं रीडिंग चालू. मी त्या वर्षी इतकं झाडलं, की वर्गाची जमीन वीतभर खाली गेली, पुढच्या वर्षी पोरांना आत उतरायला पायरी बांधावी लागली. खोटं वाटतं? सरांच्या हजेरीपटापेक्षा खरं आहे.

राग? नाही आला. एकदा सर ‘व्हेरी गुड’ म्हणाले, तर तेवढं मी घरी नेऊन मायला ऐकवलं. थू त्या माझ्या आनंदावर.

मग भविष्यकाळ आला. दहा वर्षांनी कोण काय करत असेल? उत्तरंही सरांचीच. पाटलाचा पोरगा रोगी तपासत असेल. शेटजीची पोर विमानातून फिरत असेल. माझं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं. आय विल बी स्वीपिंग.

“वाच.”

आजचं झाडणं मी झाडून टाकलं असतं. पण दहा वर्षांनंतरचंही? तेही या माणसानं ठरवायचं, ज्याच्या म्हशीला पाणी दाखवायला सरकारी माणूस लागतो?

“नाही वाचत.”

“का गं? वाचता येत नाही?”

“येते. म्हनूनच नाही वाचत.”

उन्हात उभं केलं. वाक्य म्हणशील तेव्हा सावलीत ये. ऊन असं, की कावळे पंख काखेत धरून पायी चालत होते. कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन माय शाळेपुढच्या वाटेनं आली.

“काऊन उभी हायेस वो?”

मी सांगितलं. तिनं दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “एक वाक्यच तं हाये बाई. म्हनून टाक.”

“माय, तुलेबी असंच कोनी म्हनून टाक म्हनलं होतं का?”

माय पुढं गेली नाही. भाऱ्यासकट माझ्या शेजारी उभी राहिली, शाळा सुटेपर्यंत. सर एकदा दारात आले, दोघींना बघून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी झाडू पुढं केला. मी बसूनच राहिले. “शी इज स्वीपिंग,” ते म्हणाले. मग शेजारच्या पोरीला म्हणाले. मग तिच्या शेजारचीला. कोणी उठलं नाही. झाडू सरांच्या हातातच राहिला.

आज मीही इंग्रजी शिकवते, नेरडीगोंड्याकडं. लोक म्हणतात, त्या सरांमुळंच तुला इंग्रजी आली, जुनं सोडून दे. नाही. त्यांनी मला झाडायला लावलं, इंग्रजी मी त्यांच्या फळ्यावरून चोरली. उपकार नाहीत. माफी नाही. माझ्या वर्गातल्या पोराचं वाक्य दुसरा कोणी ठरवू लागला, मग तो साहेब असो, पाटील असो, की त्या पोराचा सख्खा बाप, तर त्याला आधी माझ्यापुढं उभं राहावं लागेल. आणि मी हळू बोलत नाही.