फुकटचा आर

ये गं, अशी जवळ बस. आधी तो मोबाइल उलटा ठेव. पिशोरहून एवढे धक्के खात आलीस आणि इथं मान खाली घालून बसायचं, ही काय रीत झाली? माझ्या नातीचा घोळ ऐक. मला अजून त्याची शिसारी जात नाही.

नात माझ्याकडंच राहते, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. गणितात नापास झाली. परत पेपर द्यायचा आणि नाय निघाला तर कॉलेज सोडून गंगापूरला घरी जायचं, असं ठरवून बसली होती. जेवणावरची वासनाच गेली पोरीची. मी शाळेत दहावीपर्यंतच गेले. पुढचं गणित लेकाच्या जुन्या पुस्तकांतून एकटीनंच शिकले, आवडलं म्हणून. तर तिला म्हटलं, कुठं अडलं दाखव.

अडलं होतं पोलरमधल्या डबल इंटिग्रलला. वाकड्या आकाराचं क्षेत्रफळ काढायचं, तर मध्यापासूनचं अंतर आर आणि फिरण्याचा कोन थीटा घेऊन बारीक तुकडे करायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. त्या तुकड्याचं माप आर डीआर डीथीटा. हिनं लिहिलेलं नुसतं डीआर डीथीटा. पुढचा आर सरळ गाळलेला.

विचारलं, तर म्हणाली, "तो फुकटचा आर असतो, आजी."

हा शब्द क्लासच्या सरांचा. का लावायचा ते सांगायचं नाही, वर्गाला हसवायचं आणि 'फुकटचा आर लावला का' म्हणत पुढं जायचं. वर पोरगी मलाच ऐकवते, फुकटचं घेऊ नये असं तूच ना शिकवलंस? एरवी हसले असते.

पण क्लासात तिचं उत्तर बरोबर आलं होतं. सरांनी वर्तुळ घेतलं दोन त्रिज्येचं. आर लावला तरी चार पाय, तो वर्तुळातला बावीस सप्तमांशवाला पाय, नाही लावला तरी चार पाय. दोनाचा वर्ग चार आणि दोनाची दुप्पटही चार, एवढाच तो योगायोग. सरांनी खालचा आकडा बघून बरोबरची खूण केली, पोरगी समजली की आर असला काय नि नसला काय.

मी म्हटलं, आता त्रिज्या तीन घे. तिचं आलं सहा पाय. मग शाळेतल्या सूत्रानं काढायला लावलं, ते आलं नऊ पाय. क्षेत्रफळ म्हणून ती इतके दिवस परीघ काढत होती.

मी तिला घेऊन क्लासला गेले. आत गारेगार खोली, भिंतीभर हार घातलेल्या पोरांचे फोटो. सर गाडीच्या किल्लीनं कान कोरत बसलेले. मी सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली पँटला पुसली आणि म्हणाले, "आजी, मार्क मिळाले होते ना तेव्हा? पोरांना 'का' कशाला पाहिजे?"

किल्लीचं सोड, त्या वाक्याचीच शिसारी आली मला. ज्याला आपलाच विषय फुकटचा वाटतो, त्याच्या हातात ही पोरं. तिथलं पाणीसुद्धा प्यायले नाही.

येताना आपल्या कॉलनीतल्या लिंबाच्या पारावर बसलो. पाहिलास ना तो गोल पार? फरशीचे तुकडे बुंध्यापासून कडेपर्यंत ओळीनं बसवलेत. म्हटलं, एक ओळ बघ. कोन तोच, तुकड्यांची लांबी तीच, मग कडेचा तुकडा मोठा का?

तिनं बुंध्याजवळच्या फरशीवर वीत ठेवली, मग कडेच्या. दोन्हींची रुंदी बोटांनी मोजली. मग हळूच म्हणाली, "लांब जाईल तसा तुकडा रुंद होतो. तो आर रुंदीचा आहे, आजी. फुकटचा नाय."

त्या दिवशी पोटभर जेवली. क्लास बंद केला, गंगापूरची भाषाही बंद. पण पेपर अजून व्हायचाय, आणि दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय तिचं पक्कं होत नाही. माझ्यापुढं नीट सांगत नाही, मला येतं म्हणून. तुला यातलं काही येत नाही, तेच बरंय. आत्ता ती कॉलेजात आहे, रविवारी दिवसभर घरी असते. तर या रविवारीच परत ये, पोरी. पारावर बस तिच्यासोबत आणि समजेपर्यंत 'का' विचार तिला. जेवायला इथंच थांब.