सिद्धाप्पाचा कळप

सिद्धाप्पाचं नाव निघालं की माझं डोकं आजही तापतं. कोळारच्या औद्योगिक वसाहतीत आमची औषधं तपासायची प्रयोगशाळा आहे. मी तिथं संशोधक आणि सिद्धाप्पा उंदरांची देखभाल करणारा. ठाणाकुशनूर गावचा माणूस, बाप-आजे मेंढरं राखणारे. उंदीर असा अलगद उचलायचा की त्याला पत्ताच लागू नये. मला मात्र रोज चावे.

गेल्या वर्षी एका कंपनीचं स्तनाच्या कॅन्सरवरचं नवं औषध आमच्याकडं तपासायला आलं. गाठी असलेल्या उंदरांच्या चाळीस माद्या घेतल्या. वीस जणींना रोज तोंडातून औषध, वीस जणींना नुसतं पाणी. औषधवाल्यांच्या गाठी बसल्या आणि पाणीवाल्यांच्या वाढल्या, तरच औषधात दम आहे म्हणायचं. हे पहिल्याच दिवशी मी सिद्धाप्पाला नीट समजावलं होतं. “व्हय अक्का,” म्हणाला. त्याची बायको रेणुकाबाई याच दुखण्यानं दोन वर्षांखाली गेलेली, म्हणून मी जरा हळूच सांगितलं. तेवढंच चुकलं. दरडावून सांगायला पाहिजे होतं.

तीन महिने मान मोडून गाठी मोजल्या. दर आठवड्याला तोच वैताग, दोन्हीकडच्या गाठी सारख्याच बसायल्या! कंपनीनं कळवलं, गाठी आपोआप जातायत, औषधाचा काही उपयोग नाही, सोमवारी काम बंद करा. मी फाईल टेबलावर आपटली. सिद्धाप्पा पिंजरे धूत होता.

“एवढं चिडायलात कामून अक्का? गुण आलाय की. दोन्हीकडं आलाय.”

“पाण्यानं गुण येतो व्हय, अण्णा?”

“पाण्यानं कशाला? उरलेलं औषध तुमी ओतून टाका म्हणता. मी ते पाणीवाल्यास्नी पाजलो की रोज, थेंब थेंब.”

हा बाबा वर मलाच समजावतोय, “कळपाला दवा पाजताना एक मेंढरू जरी सुटलं, तर रोग फिरून माघारी येतोय. आमच्या अप्पानं कधी एकालाबी सोडलं न्हाई.”

“अहो, हा काय लागणीचा रोग आहे का? आणि ही काय मेंढरं आहेत?” मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरचा वॉचमन आत आला. औषध चांगलं होतं, चाळीसच्या चाळीस जणींना लागू पडलं होतं, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडं एकही कागद नव्हता! चांगलं औषध या माणसाच्या मायेपायी कचऱ्यात चाललं होतं.

घडलं ते सगळं कंपनीला लिहिलं. हातापाया पडून आणखी एक संधी मिळवली. आमचे साहेब सिद्धाप्पाला कामावरून काढायला निघाले होते, मीच अडवलं. उंदीर धरणार कोण?

पुन्हा चाळीस माद्या आल्या. या खेपेला उरलेलं औषध मी स्वतः ओतायचे, त्याच्या देखत. पाणीवाल्यांना पाणी तोच पाजायचा. सातव्या आठवड्यात त्यांच्या गाठी एवढ्या वाढल्या की त्यांना धड चालता येईना. औषधवाल्यांच्या बसत गेल्या. नियमाप्रमाणे पाणीवाल्या वीस जणींना कायमचं झोपवावं लागलं. एकेकीला त्यानंच धरलं.

औषध पास झालं. साहेबांनी पेढे वाटले. सिद्धाप्पानं पेढा हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही.

“अक्का, एक विचारू? आमच्या रेणुकाला दवाखान्यात बाटली लावायचे. ती औषधाचीच होती न्हवं?”

एरवी माझ्या तोंडाला कोण लागत नाही. तेव्हा मी हातातला पेढा टेबलावर ठेवून दिला. त्या दवाखान्यातलं मला काय ठाऊक?

“औषधाचीच होती, अण्णा. माणसांना कुणी नुसतं पाणी लावतं का?”

“व्हय अक्का,” तो म्हणाला. पहिल्या दिवशी म्हणाला होता, अगदी तसंच.