अकरावीचा फॉर्म

दोहातल्या अबू हमूर भागातल्या भारतीय शाळेत प्रवेशाच्या खिडकीवर वसईच्या एक बाई बसतात. शिक्क्यावर फुंकर मारायची, तो उमटवायचा आणि इथल्या अरबांसारखं “खलास!”, म्हणजे ‘झालं काम’, म्हणायचं, ही त्यांची सवय. मुलीच्या अकरावीसाठी तीनदा गेलो, पण त्यांचं नाव विचारलं नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. गावभराचे फॉर्म मीच भरायचो. मुलीचाही सुवाच्य अक्षरात भरला आणि तिला सोबत घेऊन खिडकीवर दिला.

बाईंनी तो वाचला आणि माझ्यादेखत टरकन फाडला. मी हादरलोच.

“दादा, वर्गात कोण बसणार? तुम्ही की ती?” म्हणत त्यांनी कोरा फॉर्म मुलीपुढे सरकवला.

मी ‘सायन्स’ लिहिलं होतं, तिथे तिने न थांबता ‘आर्ट्स’ लिहिलं. मी “अगं...” म्हणेपर्यंत बाईंची फुंकर मारून झाली होती.

“खलास, दादा.”