लाटा नसलेली जागा

मी पोहायला शिकलो पोलादपूरला, सावित्रीच्या डोहात. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पन्नाशीपर्यंत समज होता. गेल्या हिवाळ्यात ताई आणि दाजींबरोबर श्रीवर्धनला गेलो, तेव्हाही तो शाबूत होता.

किनाऱ्यावर लाटा फुटत होत्या. मधला एक पट्टा मात्र शांत. फेस नाही, नुसतं गढूळ पाणी. मी तोच निवडला.

ताई म्हणाली, "सगळीकडे लाटा फुटतायत आणि तिथेच का नाही, याचा जरा विचार कर."

ती महाडच्या शाळेत भूगोल शिकवते. मी सुट्टीवर होतो. विचार केला नाही.

आधी पाणी कमरेएवढं होतं. मग पाय टेकेनात. मी वळून किनाऱ्याकडे पोहू लागलो. बराच वेळ पोहलो. मान वर केली, तर दाजी लहान दिसत होते. आणखी जोर लावला. दाजी आणखी लहान झाले. नदी ओढते तेव्हा काठ बाजूने सरकताना दिसतो. इथे काठ समोरच होता आणि लांब चालला होता.

दम संपला. भीती मात्र भरपूर होती. उताणा होऊन तरंगत राहिलो, कारण दुसरं काही जमत नव्हतं. ताई ओरडत असावी, ऐकू काहीच येत नव्हतं. पण ती ओढणी हातात धरून एकाच बाजूला हलवत होती. आडवा जा, आडवा जा.

तिकडे काय चाललं होतं ते नंतर कळलं. दाजी शर्ट काढून पाण्याकडे धावले होते. ताईने मागून त्यांचा बनियन धरला.

"अहो, तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही."

"मग एकशे बाराला फोन लावा."

दाजींनी लावला. पलीकडून पत्ता विचारला, तेव्हा घाईत त्यांनी आमच्या पोलादपूरच्या घरचा सांगितला.

मी किनाऱ्याचा नाद सोडला आणि किनाऱ्याला समांतर, ओढणीच्या दिशेने, सावकाश हात मारत राहिलो. हळूहळू पाण्याची ओढ कमी झाली, मग उरलीच नाही. पुढे फेसाळ लाटा लागल्या. मी ज्या टाळल्या होत्या, त्यांनीच मला ढकलत आणून वाळूत टाकलं.

दाजी फोनवर सांगत होते, "आला, आला, बाहेर आला."

ताईने टॉवेल दिला.

"आई विचारेल, समुद्र कसा होता. काय सांगशील?"

"मोठा आहे म्हणून सांगेन."

त्यावर ती हसेल असं वाटलं होतं. ती वाळूत बसली आणि रडली. आम्ही दोघे शेजारी उभे राहिलो.

परतताना गाडी म्हसळ्याच्या पुढे आली. मग दाजींनी विचारलं, "चहा घ्यायचा का?"

घेतला.